पडद्याच्या कडेच्या दोन पट्ट्या

वडिलांच्या खोलीत काही वर्षांपूर्वी पन्नास इंची प्लाझ्मा टीव्ही होता आणि त्यावर ते रोज चार-पाच तास जुने चित्रपट व जुन्या मालिका पाहत असत. ही सगळी चित्रे ४:३ या जुन्या प्रमाणातली असल्यामुळे १६:९ प्रमाणाच्या रुंद पडद्यावर ती मध्यभागी दिसत आणि डाव्या-उजव्या बाजूंना दोन काळ्या उभ्या पट्ट्या राहत. चित्र ताणून चेहरे रुंद करण्यापेक्षा ते मुळात जसे आहे तसेच पाहावे, असा वडिलांचा आग्रह होता आणि मलाही तो योग्यच वाटत असे. असे करता करता तीन वर्षे गेली. एका संध्याकाळी आम्ही दोघे हिमशिखरांवरचा एक माहितीपट पाहायला बसलो. पडदाभर बर्फ पसरला आणि त्या पांढऱ्या रंगात, एरवी जिथे काळ्या पट्ट्या असत नेमक्या तिथेच, दोन उजळ, किंचित निळसर पट्ट्या वरपासून खालपर्यंत उभ्या दिसू लागल्या. मधला भाग त्यांच्या शेजारी जुन्या कागदासारखा पिवळट वाटत होता.

"बाबा, कडेला तुम्हांला काही वेगळे दिसते का?" मी विचारले.

"दिसते की. मला वाटले, खिडकीतून उजेड येतो आहे. काल मी पडदा ओढूनही पाहिला," ते म्हणाले.

त्या दिवसापर्यंत माझी समजूत अशी होती की, एखादे स्थिर चित्र फार वेळ राहिले की ते पडद्यावर भाजले जाते. बर्न-इन या शब्दातच जळण्याचा अर्थ असल्यामुळे ही समजूत सहज होते. पण आमच्या पडद्यावर जे घडले होते ते त्याच्या अगदी उलट होते. काळ्या पट्ट्यांनी तिथे काहीच उमटवले नव्हते. त्या जागा तीन वर्षे जवळजवळ न वापरता राहिल्यामुळे ताज्या राहिल्या होत्या आणि मधला सगळा भाग मात्र झिजला होता. भिंतीवरची जुनी तसबीर काढली की तिच्यामागचा चौकोन मूळ रंगाचा दिसतो आणि भोवतालची भिंत विटलेली आहे हे तेव्हा प्रथम लक्षात येते, तसाच हा प्रकार होता. बर्न-इन म्हणजे असमान झीज, ही एवढी गोष्ट नीट समजली की ती टाळण्याचे बहुतेक उपाय आपले आपल्यालाच सुचतात आणि बाजारात सांगितल्या जाणाऱ्या उपायांपैकी कोणते निरुपयोगी आहेत हेही कळते.

थोडे गणित केले तर या पट्ट्यांचा आवाका लक्षात येतो. १६:९ पडद्यावर ४:३ चित्र पूर्ण उंचीने दाखवले की रुंदीचा नेमका चौथा हिस्सा रिकामा राहतो, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेबारा टक्के. १९२० गुणिले १०८० पिक्सेलच्या पडद्यावर चित्र १४४० पिक्सेल रुंद असते आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या २४० पिक्सेलच्या असतात. वडिलांप्रमाणे रोज चार तास धरले तरी वर्षाकाठी मधला भाग १४६० तास काम करतो, तर कडा जवळजवळ शून्य तास. आता या दोन भागांच्या उजेडात पडलेला फरक फार मोठा असावा लागतो असेही नाही. सावकाश बदलत जाणारा फरक आपल्या डोळ्यांना जाणवत नाही, पण कड तीक्ष्ण असेल तर एक-दोन टक्क्यांचा फरकही डोळा अचूक टिपतो, आणि पट्टीची कड तर वर्षानुवर्षे एकाच पिक्सेलवर थांबलेली असते. संपूर्ण पडदा दहा टक्के मंद झाला तर आपल्याला वर्षभरात ते कळणारही नाही. मात्र एका बाजूला दोन टक्क्यांची पायरी पडली तर ती प्रत्येक पांढऱ्या दृश्यात खुपत राहते.

सगळे पडदे सारखे झिजत नाहीत, म्हणून आपल्या घरी कोणत्या जातीचा टीव्ही आहे हे आधी पाहावे. ज्यांना दुकानात एलईडी किंवा क्यूएलईडी म्हणतात ते टीव्ही प्रत्यक्षात एलसीडीच असतात. त्यांच्यामागे दिवे असतात आणि पुढचा द्रव स्फटिकांचा थर तो उजेड फक्त अडवतो किंवा सोडतो. त्यातले पिक्सेल स्वतः उजेड देत नसल्यामुळे या अर्थाने ते झिजत नाहीत. त्यांच्यावरही कधीकधी स्थिर चित्राची पुसट छाया राहते, पण ती विद्युतभार साचल्यामुळे आलेली असते आणि बदलते चित्र काही काळ चालू ठेवले की बहुधा निघून जाते. एलसीडी असलेल्यांनी पुढचे सगळे वाचून धास्ती घेण्याचे कारण नाही. ज्याचे पिक्सेल स्वतः उजळतात तो ओएलईडी आणि क्यूएलईडी या नावांत एका अक्षराचा फरक असल्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो, पण झिजेच्या बाबतीत ही दोन टोके आहेत.

ज्या पडद्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, तिथे खरा प्रश्न येतो. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत फॉस्फर या चकाकणाऱ्या पदार्थाच्या थरावर आदळून उजेड होत असे. रुंद पडद्याचे पहिले मोठे संच मागून प्रक्षेपण करणारे होते. त्यांत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या तीन लहान नळ्या असत आणि एवढ्याशा नळीतून एवढा मोठा पडदा उजळायचा असल्यामुळे त्यांच्यावर अतोनात ताण येई. बाजूच्या पट्ट्यांचा आणि स्थिर चित्रांचा इशारा त्या संचांच्या माहितीपुस्तिकांत ठळक अक्षरांत दिलेला असे, तो याच कारणासाठी. प्लाझ्मा पडदा १९६४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी तयार केला. त्यात प्रत्येक कप्प्यात वायूतून विद्युतप्रवाह जाऊन अतिनील किरण निघतात आणि ते फॉस्फरला उजळवतात. त्यातला निळा फॉस्फर सर्वांत लवकर थकतो. आमच्या टीव्हीच्या कडा निळसर आणि मध्य पिवळट का दिसत होता, याचे उत्तर इथे आहे. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्माचे उत्पादन थांबवले आणि त्यानंतर वर्षभरात इतर मोठ्या कंपन्यांनीही ते बंद केले.

आज हा प्रश्न मुख्यतः ओएलईडीचा आहे. यात विजेने उजळणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचे अतिशय पातळ थर असतात. चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये कोडॅक कंपनीत काम करताना या प्रकारचा व्यवहार्य दिवा मांडला, सोनीचा ११ इंची ओएलईडी टीव्ही २००७ मध्ये आला आणि २०१३ पासून ५५ इंची संच बाजारात येऊ लागले. काळा रंग दाखवताना याचा पिक्सेल पूर्ण विझतो, म्हणूनच या पडद्याचे चित्र इतके देखणे असते. आणि विझलेला पिक्सेल झिजत नाही, म्हणूनच काळ्या पट्ट्यांचा मुद्दा इथेही तसाच लागू होतो. चित्रपटांच्या बाबतीत पट्ट्या आडव्या असतात. २.३९:१ या अतिरुंद प्रमाणातला चित्रपट १६:९ पडद्यावर लावला की उंचीचा चौथ्याहून थोडा अधिक हिस्सा वर-खाली मिळून काळा राहतो. मात्र चित्रपट पाहणारा माणूस सहसा बातम्या, सामने आणि मालिकाही पाहतो, आणि चित्रपटांतही प्रमाण बदलत राहते, त्यामुळे आडव्या पट्ट्यांपासून त्रास झाल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. उभ्या पट्ट्या जास्त धोक्याच्या आहेत, कारण जुने कार्यक्रम आवडणारी व्यक्ती ते रोज आणि तासन्‌तास पाहते.

पट्ट्यांहूनही अधिक नुकसान वृत्तवाहिन्या करतात. कोपऱ्यातले बोधचिन्ह, खालची रंगीत पट्टी, तिच्यावरचे पांढरे ठळक अक्षर आणि घड्याळ, हे सगळे दिवसभर एकाच जागी, पूर्ण तेजाने आणि गडद रंगात असते. कॅनडातील आरटिंग्ज या चाचणी करणाऱ्या संस्थेने २०१८ च्या सुरुवातीला एलजीचे एकाच जातीचे सहा ओएलईडी टीव्ही घेऊन प्रत्येकावर वेगळा मजकूर दिवसाला वीस तास चालवला होता. ज्या संचांवर सतत एकच वृत्तवाहिनी चालू होती त्यांच्यावर बोधचिन्ह आणि खालची पट्टी स्पष्टपणे उमटली, आणि ज्याचा प्रकाश जास्त ठेवला होता तो आधी बिघडला. संमिश्र कार्यक्रम पाहणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला याची फारशी चिंता करण्याचे कारण नाही, असेच त्यांचेही मत पडले. मला या चाचणीतला सर्वांत उपयोगी धडा हा वाटतो की, केवळ तासांची मोजणी पुरेशी नाही. पडदा किती तेजाने आणि काय दाखवतो, यावर झीज ठरते.

म्हणून पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय प्रकाश कमी करण्याचा आहे, आणि बहुतेक जण नेमका तोच करत नाहीत. सेंद्रिय थरांचे आयुष्य प्रकाशाच्या सरळ प्रमाणात घटत नाही. प्रकाश निम्मा केला तर आयुष्य दुपटीहून अधिक वाढते. नवा टीव्ही लावताना घर की दुकान असा प्रश्न येतो, तेव्हा घर हाच पर्याय निवडावा, कारण दुकानासाठीच्या रचनेत पडदा भर उजेडात उठून दिसावा म्हणून कमाल तेजाने चालवलेला असतो. त्यानंतर चित्राचा प्रकार व्हिव्हिडवरून सिनेमा किंवा फिल्ममेकर यांसारख्या शांत प्रकारावर आणावा. पहिले दोन दिवस चित्र मंद आणि किंचित पिवळे वाटते, पण डोळा लवकर सरावतो आणि मग त्वचेचे रंग खरे दिसू लागतात. ओएलईडीत प्रकाश कमी करण्यासाठी ब्राइटनेस नावाची पट्टी प्रत्येक वेळी उपयोगाची नसते, कारण अनेक संचांत तिने फक्त काळ्या रंगाची पातळी बदलते. ओएलईडी लाइट, पिक्सेल ब्राइटनेस किंवा तत्सम नावाची वेगळी पट्टी शोधून ती खोलीतल्या उजेडाप्रमाणे खाली आणावी. रात्री दिवे मंद करून पाहणाऱ्याला तिचे कमाल मूल्य कधीही लागत नाही. उष्णतेनेही झीज वाढते, तेव्हा टीव्हीच्या मागे आणि वर हवा खेळती राहील एवढी जागा सोडावी आणि त्याच्यावर थेट ऊन येऊ देऊ नये.

दुसरा उपाय झीज सारखी करण्याचा. ४:३ कार्यक्रम रोज पाहायचे असतील तर काही तास तरी चित्र पडदाभर दाखवावे. त्यासाठी झूम प्रकारात चित्र सर्व बाजूंनी वाढते आणि वर-खाली मिळून उंचीचा पाव भाग कापला जातो; ताणण्याच्या साध्या प्रकारात काहीही कापले जात नाही, पण माणसे बुटकी आणि रुंद दिसतात; काही संचांत तिसरा प्रकार असतो, त्यात मधला भाग जवळजवळ जसाच्या तसा राहतो आणि फक्त कडा ताणल्या जातात. चांगला चित्रपट मन लावून पाहायचा असेल तेव्हा तो ताणू नये, असे माझे आजही ठाम मत आहे. पण स्वयंपाक करताना मागे चालू असलेली मालिका किंवा गप्पांचा कार्यक्रम ताणलेला असल्याने काही बिघडत नाही, आणि तेवढ्याने कडांना त्यांच्या वाटचे काम मिळते. अनेक प्लाझ्मा संचांत बाजूच्या पट्ट्या काळ्याऐवजी करड्या करण्याची सोय होती. ती पाहायला सुंदर नव्हती, पण अतिशय विचारपूर्वक दिलेली होती, कारण करड्या पट्टीखाली पिक्सेलही मधल्या भागाबरोबर झिजत राहतात. वडिलांच्या संचात ही सोय होती आणि आम्ही ती पहिल्याच दिवशी बंद करून ठेवली होती, याचे मला आजही वाईट वाटते.

प्लाझ्माच्या बाबतीत पहिले शंभर-दोनशे तास विशेष जपण्याचे असत, कारण नवा फॉस्फर सुरुवातीला वेगाने बदलतो. ज्यांच्याकडे असा संच अजून चालू आहे त्यांचा तो काळ कधीच सरला आहे. त्यांनी कॉन्ट्रास्ट बेताचा ठेवावा, एवढे पुरे.

टीव्हीत बसवलेले संरक्षणाचे उपाय उपयोगी आहेत, पण त्यांची मर्यादा ओळखावी. पिक्सेल शिफ्ट किंवा स्क्रीन शिफ्ट नावाच्या सोयीने संपूर्ण चित्र थोड्या थोड्या वेळाने काही पिक्सेल इकडेतिकडे सरकते. एखादे बोधचिन्ह दीडशे पिक्सेल रुंद असेल तर चार पिक्सेल सरकल्याने त्याच्या मध्यभागाची झीज मुळीच कमी होत नाही; फक्त त्याची कड पुसट होते. पण कड पुसट होणे हीसुद्धा मोठी गोष्ट आहे, कारण डोळा कडच शोधतो. त्यामुळे ही सोय कधीही बंद करू नये. स्थिर बोधचिन्ह ओळखून तेवढ्या भागाचा प्रकाश उतरवणारी सोयही असते. तिच्यात कमी आणि जास्त असे पर्याय असतील तर जास्त निवडावा. काही मिनिटे चित्र हलले नाही तर सगळा पडदा आपोआप मंद होतो, याची तक्रार अनेक जण करतात आणि ते बंद करण्याचे आडमार्गही शोधतात. तसे करू नये असे मी कळकळीने सांगेन. ती अडचण नसून संरक्षण आहे.

यांपैकी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी माहीत असलेली सोय टीव्ही बंद केल्यानंतर काम करते. साधारण चार तासांचा एकूण वापर झाला की रिमोटने टीव्ही बंद केल्यावर तो स्टँडबायमध्ये काही मिनिटे स्वतःची तपासणी करतो, पिक्सेलांच्या विद्युत गुणधर्मांत पडलेला फरक मोजतो आणि त्यानुसार त्यांना मिळणारा प्रवाह दुरुस्त करतो. एलजीच्या संचांत अशीच एक मोठी दुरुस्ती सुमारे २००० तासांनंतर होते आणि तिला तासभर लागतो. रोज पाच तास टीव्ही पाहणाऱ्याच्या घरी तिची वेळ ४०० दिवसांनी येते. आता ज्या घरी रिमोटने टीव्ही बंद करून लगेच भिंतीवरचे बटणही बंद करण्याची सवय आहे, तिथे ही दुरुस्ती पूर्ण होऊच शकत नाही. वीज वाचवण्याच्या किंवा सुरक्षिततेच्या चांगल्या हेतूने लावलेली ही सवय ओएलईडीला मात्र मारक ठरते. बंद केल्यानंतर काही वेळाने टीव्हीतून बारीक टक असा आवाज येतो, तो रिले, म्हणजे आतला विजेचा खटका, सुटल्याचा असतो. निदान तो येईपर्यंत तरी भिंतीवरच्या बटणाला हात लावू नये. याउलट मेनूमधून मोठी दुरुस्ती हाताने वारंवार चालवणेही चुकीचे आहे. तिच्यामुळे पडद्यावर ताण येतो, म्हणून डाग प्रत्यक्ष दिसत असेल आणि काही दिवस वेगवेगळे कार्यक्रम पाहूनही गेला नसेल तरच ती वापरावी.

टीव्ही संगणकाला जोडणाऱ्यांनी आणि खेळ खेळणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. खेळातला नकाशा, आयुष्याची पट्टी आणि गुणफलक शेकडो तास एकाच जागी राहतात. अनेक खेळांत त्यांची पारदर्शकता वाढवता येते किंवा गरज नसताना ते लपवता येतात. संगणकाची खालची पट्टी आपोआप लपेल असे करावे, पार्श्वभूमी गडद आणि अधूनमधून बदलणारी ठेवावी, आणि स्क्रीनसेव्हर दोन-तीन मिनिटांत सुरू होईल असा ठेवावा. स्क्रीनसेव्हर जन्मालाच आला तो नळीच्या पडद्यांवरचे असे ठसे टाळण्यासाठी. चित्रपट थांबवून कुठे उठून जायचे असेल तर तो तसाच न ठेवता पडदा बंद करावा. अनेक रिमोटवर आवाज चालू ठेवून फक्त चित्र बंद करण्याची सोय असते आणि गाणी ऐकताना ती फार उपयोगी पडते.

ठसा दिसलाच तर तो तात्पुरता आहे की कायमचा, हे आधी ठरवावे. पडदाभर एकच करडा रंग, मग लाल, हिरवा आणि निळा असे एकेक रंग लावून अंधारात पाहावे. बोधचिन्हांचे ठसे बहुधा एखाद्याच रंगावर दिसतात, कारण ज्या रंगाने ते चिन्ह उजळले पिक्सेलमधले त्याच रंगाचे भाग, म्हणजे उपपिक्सेल, झिजलेले असतात. वृत्तवाहिनीची लाल पट्टी लाल पडद्यावर सर्वांत ठळक उमटलेली दिसते. एक-दोन दिवस निरनिराळे कार्यक्रम पाहून छाया गेली तर ती केवळ तात्पुरती होती. ती गेली नाही तर ती झीज आहे, आणि झिजलेला पदार्थ पुन्हा भरून येत नाही. झपाट्याने रंग बदलणाऱ्या चित्रफिती लावून डाग निघतो असे सांगितले जाते; त्या रात्रभर चालवल्याने तात्पुरती छाया जाऊ शकते, पण खऱ्या ठशावर त्यांचा परिणाम एवढाच होतो की सगळा पडदाच आणखी थोडा झिजतो.

वडिलांच्या टीव्हीवर आम्ही शेवटी तेच केले, पण सावकाश. करड्या पट्ट्या पुन्हा चालू केल्या, कॉन्ट्रास्ट उतरवला आणि दिवसाचे निदान दोन तास चित्र पडदाभर ठेवू लागलो. वडिलांना ते ताणलेले चेहरे आवडत नसत, तेव्हा त्या वेळात त्यांनी प्रवासाचे आणि प्राण्यांचे नवे, मुळातच रुंद चित्रित केलेले कार्यक्रम पाहायला सुरुवात केली. सुमारे वर्षभराने तोच हिमशिखरांचा माहितीपट पुन्हा लावून पाहिला. डावीकडची पट्टी शोधूनही सापडेना. उजवीकडची कड मात्र बर्फावर ढगाची सावली सरकत असताना क्षणभर दिसली, आणि वडिलांनी ती माझ्या आधी बोट दाखवून ओळखली.